बारा झाडे आणि परागकणांची ने-आण: सेशेल्समधील जेलीफिश वृक्षाचे प्रकरण

पार्श्वभूमी

हिंदी महासागरातील सेशेल्स या ११५ बेटांच्या देशात माहे हे सर्वांत मोठे बेट आहे. भर समुद्रातील बेटे बहुधा ज्वालामुखीतून वर आलेली असतात किंवा पोवळ्यांच्या राशींवर तयार झालेली असतात. माहे आणि त्याच्या शेजारची काही बेटे मात्र ग्रॅनाइटची, म्हणजे जुन्या भूखंडाचा तुटून उरलेला तुकडा आहेत. दख्खनचे पठार घडवणारा लाव्हा ज्या भूशास्त्रीय काळात ओतला जात होता, त्याच सुमारास, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, हा तुकडा भारतीय भूखंडापासून वेगळा झाला. इतक्या दीर्घ एकांतवासामुळे जगात अन्यत्र जवळचे नातलग नसलेल्या काही वनस्पती तिथे टिकून राहिल्या. या प्रकरणातील वृक्ष त्यांपैकीच एक.

त्याचे शास्त्रीय नाव मेड्युसाजायनी ऑपोझिटिफोलिया. इंग्रजीत त्याला ‘जेलीफिश ट्री’ म्हणतात, आणि स्थानिक क्रिओल नावाचा अर्थही तोच आहे. फळ पिकले की त्याचे कप्पे खालून सुटून छत्रीच्या काड्यांप्रमाणे बाहेर पसरतात, आणि उलटे लटकलेले ते फळ जेलीफिशसारखे दिसते. त्यातील बारीक, पंख असलेल्या बिया वाऱ्यावर जातात. १८७७ मध्ये शास्त्रीय वर्णन झालेला हा वृक्ष पुढे नामशेष झाला असे मानले गेले, आणि १९७० मध्ये त्याची काही झाडे पुन्हा सापडली. या प्रजातीसाठी वनस्पतिशास्त्रज्ञांनी दीर्घकाळ स्वतंत्र कुल ठेवले होते. अलीकडच्या वर्गीकरणात तिला ऑक्नेसी कुलात सामावून घेतले आहे. जगात ती फक्त माहे बेटावर नैसर्गिकरीत्या आढळते आणि तिची गणना अतिसंकटग्रस्त प्रजातींमध्ये होते.

माहे आणि आसपासच्या बेटांवर १७७० पासून कायमची मानवी वस्ती होत गेली. त्यानंतर सखल भागातील वर्षावन लाकडासाठी आणि लागवडीसाठी तोडले गेले, आणि मुद्दाम आणलेली दालचिनी पक्ष्यांनी बिया पसरवल्यामुळे डोंगरभर माजली. उघड्या ग्रॅनाइटच्या टेकड्या, म्हणजे मातीचा थर जेमतेम असलेले, उन्हाने तापणारे कातळ, या लोंढ्यातून काही प्रमाणात वाचले. जेलीफिश वृक्ष आज उरला आहे तो अशाच कातळांवर. हेच त्याचे पसंतीचे ठिकाण होते, की ओलसर जंगलातून हुसकावला गेल्यावर मिळालेला आडोसा, हा प्रश्न पुढे निर्णय घेताना महत्त्वाचा ठरतो.

हे प्रकरण मांडताना संशोधकांची आणि टेकड्यांची नावे मुद्दाम दिलेली नाहीत. माणसांच्या बाबतीत तो संकेत आहे. टेकड्यांच्या बाबतीत त्याहून व्यावहारिक कारण आहे. ज्या वृक्षाची झाडे बोटांवर मोजता येतात, त्याचा पत्ता छापणे हे संग्राहकांना दिलेले आमंत्रण ठरू शकते.

समस्या

मोजणी झाली तेव्हा संपूर्ण प्रजातीची ९० झाडे हयात होती. ती चार वेगवेगळ्या वस्त्यांत, म्हणजे एकमेकांपासून दूर असलेल्या झाडांच्या समूहांत, विभागलेली होती आणि त्यांपैकी ७८ झाडे एकाच वस्तीत होती. म्हणजे उरलेल्या तीन वस्त्यांत मिळून १२ झाडे. ७८ झाडांच्या वस्तीत नवी रोपे उगवून वाढत होती. बाकीच्या तिन्ही ठिकाणी नवी पिढी जवळपास थांबली होती.

अशी समस्या सहज नजरेत भरत नाही. झाड तोडले गेले किंवा वणव्यात जळले तर त्याची नोंद होते. पण न उगवलेल्या रोपाची नोंद कोण ठेवणार? उभी झाडे हिरवी असतात, फुलतात, फळेही धरतात, आणि पाहणाऱ्याला सर्व काही ठीक आहे असे वाटते. दीर्घायुषी वृक्षांच्या बाबतीत प्रजाती प्रत्यक्ष संपण्याच्या कितीतरी आधी तिचे पुनरुत्पादन संपलेले असू शकते, आणि मधला काळ दिलासादायक वाटतो म्हणूनच तो धोक्याचा असतो.

रोपे का येत नाहीत, याची अनेक उत्तरे संभवत होती. पहिले उत्तर परिस्थितीचे होते: या बियांना रुजण्यासाठी ओलावा लागतो, उघडा कातळ कोरडा असतो, म्हणून बी रुजत नाही. दुसरे उत्तर परकीय झुडपांच्या सावलीचे आणि स्पर्धेचे. तिसरे कीटकांचे: झाडे थोडी, फुले थोडी, त्यामुळे परागण करणारे कीटक तिकडे फिरकतच नसतील. चौथे उत्तर जनुकीय होते. मोजकी झाडे एकमेकांची जवळची नातलग असतील, तर त्यांच्या संकरातून होणारे बी दुबळे असणार. ही चारही कारणे एकाच वेळी खरी असू शकतात. परंतु त्यांवरचे उपाय एकमेकांपासून फार भिन्न आहेत, आणि चुकीच्या कारणावर खर्च केलेली दहा वर्षे १२ झाडांच्या वस्त्यांना परत मिळत नाहीत. परिस्थितीचे कारण एकटे पुरेसे नाही, असे मानायला एक आधार पहिल्यापासून होता: मोठी वस्तीही कातळावरच आहे आणि तिथे रोपे येत आहेत. अर्थात एक कातळ दुसऱ्यासारखा असतोच असे नाही, म्हणून हा आधार निर्णायक म्हणता येत नाही.

आकडे काय सांगत होते

या प्रश्नाचा छडा लावण्यासाठी संशोधकांच्या एका गटाने झाडांच्या डीएनएतील १० मायक्रोसॅटेलाइट जागा तपासल्या. त्या अभ्यासाचे निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. मायक्रोसॅटेलाइट म्हणजे डीएनएमधील काही अक्षरांचा छोटा तुकडा पुन्हा पुन्हा येत राहतो असे ठिकाण. ही पुनरावृत्ती किती वेळा होते हे व्यक्तिगणिक बदलत असल्यामुळे त्यावरून कोण कोणाचे अपत्य आहे आणि कोण कोणाशी किती जवळचे आहे, हे ठरवता येते. विविधतेचे माप म्हणून विषमयुग्मजता वापरली जाते. एखाद्या जागी आईकडून आणि वडिलांकडून आलेल्या प्रती वेगळ्या असण्याचे प्रमाण किती, असा तिचा अर्थ. वस्तीतील प्रतींच्या वारंवारितेवरून जे प्रमाण यायला हवे ते अपेक्षित, आणि झाडांत प्रत्यक्ष सापडते ते निरीक्षित.

चारपैकी तीन वस्त्यांत अपेक्षित विषमयुग्मजता ०.४८ ते ०.६३ आणि निरीक्षित ०.५६ ते ०.७८ आढळली. सर्वांत लहान वस्तीत मात्र हे आकडे अनुक्रमे ०.२६ आणि ०.३० इतके खाली होते. याचा अर्थ असा की ज्या तीन वस्त्यांत रोपे येत नव्हती, त्यांपैकी दोन वस्त्या विविधतेच्या मापावर सुदृढ वस्तीच्याच रांगेत बसत होत्या. केवळ हा एक आकडा पाहून अहवाल लिहिला असता, तर ‘जनुकीय विविधता समाधानकारक’ असा शेरा मारून प्रकरण मिटले असते.

माझ्या मते या प्रकरणात सर्वाधिक वेळ थांबून विचार करावा अशी जागा हीच आहे. उभ्या झाडांत मोजलेली विविधता त्यांच्या जन्माच्या वेळी वस्ती कशी होती याची आठवण असते. आज वस्तीत काय चालले आहे, हे तिच्यातून कळत नाही. संख्या घटल्यावर विषमयुग्मजता किती वेगाने कमी होते, याचे गणित सोपे आहे: आदर्श परिस्थितीत दर पिढीला ती, प्रजोत्पादक झाडांच्या दुप्पट संख्येने एकाला भागून येणाऱ्या अपूर्णांकाइतकी घटते. ७८ झाडांसाठी ही घट पिढीला साधारण ०.६ टक्के येते. ४ झाडांसाठी ती १२.५ टक्के होते. परंतु वृक्षाची एक पिढी अनेक दशकांची असते, आणि नवी पिढीच आली नसेल तर ती घट मोजायला समोर काही नसतेच. ज्या वस्तीत रोपच नाही, तिथली विविधता कागदावर शाबूत दिसते ती याच कारणाने.

निरीक्षित आकडे अपेक्षितापेक्षा वर आहेत, हेही सुटू नये. अंतःप्रजनन, म्हणजे जवळच्या नात्यातच संकर, होत असेल तर उलट दिसायला हवे, असा आक्षेप कोणीही घेईल. त्याची दोन स्पष्टीकरणे संभवतात. मूठभर पालकांपासून झालेल्या संततीत निव्वळ योगायोगानेही विषमयुग्मजता वाढलेली दिसू शकते. किंवा जवळच्या नात्यातून झालेली, दोन्ही प्रती सारख्या असलेली रोपे लहानपणीच मरून गेली आणि प्रौढ झाली ती वेगळ्या प्रतींची झाडे. दुसरे स्पष्टीकरण खरे असेल, तर आपण मोजतो आहोत ते शर्यत पूर्ण केलेल्यांना, आणि वाटेत पडलेले आपल्या यादीत कधी आलेच नाहीत.

प्रश्नाला खरी दिशा दिली ती इतर मापांनी. प्रत्येक वस्तीत अन्यत्र न आढळणारे जनुकीय प्रकार होते, आणि चारही वस्त्या एकमेकींपासून ठळकपणे भिन्न होत्या. परागकण आणि बिया यांचा प्रवास बहुतांशी १०० मीटरच्या आत संपत होता. म्हणजे एका टेकडीवरचा पराग दुसऱ्या टेकडीवर पोचणे ही जवळपास न घडणारी गोष्ट होती. आणि लहान वस्त्यांतील झाडे मोठ्या वस्तीतील झाडांच्या तुलनेत एकमेकांशी अधिक जवळच्या नात्याची होती. सख्ख्या भावंडांच्या संकरातून होणाऱ्या संततीचा अंतःप्रजनन गुणांक, म्हणजे एखाद्या जागी दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून आलेल्या असण्याची शक्यता, ०.२५ असतो, सावत्र भावंडांच्या बाबतीत ०.१२५, आणि स्वपरागणात ०.५. शंभर मीटरच्या परिघात जर नातलगच उभे असतील, तर कीटकाने कितीही इमानाने काम केले तरी तो नातलगाचाच पराग आणणार.

समोरचे पर्याय

पुढील मांडणी म्हणजे त्या गटाच्या एखाद्या बैठकीचा वृत्तांत नव्हे. प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांपुढे उभ्या राहणाऱ्या कोणत्याही व्यवस्थापकासमोर जे मार्ग असतात, ते मी इथे तपासले आहेत.

काहीही न करणे हा पहिला मार्ग, आणि तो दिसतो तितका बेजबाबदार नाही. या वृक्षाचे वितरण मुळातच विखुरलेले आहे. ज्या प्रजातीने वेगवेगळ्या कातळांवर वेगळे राहून इतका काळ काढला, तिला आपण आज जोडू पाहणे हा आगाऊपणा ठरेल, असे म्हणता येते. यातील त्रुटी अशी की विखुरलेपण आणि अल्पसंख्या या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वेगळेपणाची सवय असलेली प्रजातीही प्रत्येक ठिकाणी पुरेसे जोडीदार असतील तरच तगून राहते.

दुसरा मार्ग अधिवास सुधारण्याचा: परकीय झुडपे काढणे, ओलावा टिकेल अशी व्यवस्था करणे. तो कोणत्याही परिस्थितीत हिताचाच आहे, पण त्याने टेकडी ते टेकडी हे अंतर कमी होत नाही.

तिसरा मार्ग रोपवाटिकेचा. लहान वस्तीतील बी गोळा करून, जपून रुजवून, तिथेच परत लावायचे. संवर्धनाच्या कामात हा सर्वांत लोकप्रिय मार्ग आहे, कारण रोपे मोजता येतात आणि छायाचित्रात चांगली दिसतात. परंतु बीच जर नातलगांच्या संकरातले असेल, तर रोपवाटिका दुबळ्या रोपांना बालपणीच्या कठोर निवडीतून पार करून देते आणि तो दुबळेपणा वस्तीत पक्का करते.

उरतात ते मिसळणीचे दोन मार्ग: मोठ्या वस्तीतील रोपे आणून लहान वस्तीत लावणे, किंवा मोठ्या वस्तीतील पराग आणून लहान वस्तीतील फुलांवर घालणे. जनुकीय उद्धार म्हणून ओळखला जाणारा हा उपाय प्राण्यांत पूर्वी यशस्वी झालेला होता. फ्लोरिडातील प्यूमा या मोठ्या मार्जारवर्गीय प्राण्याची अंतःप्रजननाने खालावलेली संख्या १९९५ मध्ये टेक्सासमधून ८ माद्या आणून सोडल्यानंतर सावरली. वृक्षांचे पिढ्यांचे अंतर लक्षात घेता तशी झटपट साक्ष इथे मिळणे शक्य नव्हते.

मिसळावे की वेगळे ठेवावे

निर्णयाची खरी अडचण अशी होती की एकाच अभ्यासातून दोन परस्परविरोधी सल्ले निघत होते. प्रत्येक वस्तीत स्वतःचे खास जनुकीय प्रकार आहेत, चारही वस्त्या एकमेकींपासून भिन्न आहेत, हे पाहिले की वाटते, यांना वेगळे जपावे. मिसळले तर हे वेगळेपण पुसले जाईल. तर लहान वस्त्यांत नात्यातच संकर होतात आणि रोपे येत नाहीत, हे पाहिले की वाटते, मिसळल्याशिवाय गत्यंतर नाही.

मिसळणीविरुद्ध घेतला जाणारा शास्त्रीय आक्षेप बहिःप्रजनन-ऱ्हासाचा. फार काळ वेगळ्या राहिलेल्या दोन वस्त्यांचा संकर केला असता, स्थानिक परिस्थितीशी जुळलेले जनुकांचे संच मोडतात आणि संतती दोन्हीकडच्या पालकांपेक्षा कमकुवत निघते. हा धोका केव्हा मोठा मानावा, यासाठी २०११ मध्येच संवर्धन-जनुकशास्त्रातील अभ्यासकांनी काही कसोट्या मांडल्या: गुणसूत्रांच्या रचनेत पक्का फरक असणे, गेल्या ५०० वर्षांत जनुकांची देवाणघेवाण झालेली नसणे, किंवा दोन्ही वस्त्यांचा परिसर ठळकपणे वेगळा असणे. यांपैकी तिसरी कसोटी इथे फारशी लागत नाही; बेट एक, खडक एक, अधिवास एका जातीचा. दुसरी मात्र विचार करायला लावते, कारण १०० मीटरच्या आत संपणारा प्रवास आणि वस्त्यांमधील ठळक भिन्नता पाहता देवाणघेवाण फार पूर्वीपासून क्षीण असावी असेच दिसते. परंतु ५०० वर्षे हा आकडा सर्व जीवांना सारखा लावता येत नाही. वर्षायू वनस्पतीच्या त्या ५०० पिढ्या होतात, आणि दीर्घायुषी वृक्षाच्या मोजक्याच.

माझा कल इथे स्पष्टपणे मिसळणीकडे आहे, आणि त्याचे कारण दोन धोक्यांच्या असमान स्वरूपात आहे. मिसळण चुकली तर काही संतती कमकुवत निघेल. ती ओळखता येईल आणि थांबता येईल. न मिसळणे चुकले तर ती १२ झाडे म्हातारी होऊन मरतील आणि ज्या खास प्रकारांच्या रक्षणासाठी आपण हात आखडता घेतला, ते प्रकार त्यांच्याबरोबरच जातील. वेगळेपण जपण्याचा आग्रह धरायचा, तर ते पुढच्या पिढीकडे सोपवण्याची सोय आधी असावी लागते.

एकदा मिसळायचे ठरले की रोप न्यावे की पराग, हा प्रश्न उरतो, आणि तो केवळ सोयीचा नाही. मोठ्या वस्तीतील रोप लहान वस्तीत लावले, तर त्याचे सर्व जनुक बाहेरचे असतात. अशी रोपे जोमदार वाढली, तर काही पिढ्यांत लहान वस्ती ही मोठ्या वस्तीची शाखा होऊन बसेल. शिवाय रोपासोबत माती जाते आणि मातीसोबत बुरशी व कीड जाऊ शकते. पराग नेला तर होणाऱ्या प्रत्येक बीमध्ये निम्मे जनुक स्थानिक आईचे राहतात, म्हणजे त्या टेकडीचे खास प्रकार नव्या जोडीदारासह पुढे जाण्याची संधी मिळते. आणि हा उपाय मागे घेता येतो: पुढच्या हंगामात पराग नेलाच नाही की थांबला. तोटा इतकाच की हाताने होणाऱ्या परागणाला फुलांचा हंगाम गाठावा लागतो, दोन्ही टेकड्यांवरची फुले एकाच सुमारास उमललेली असावी लागतात, आणि कातळावर चढून फुलाफुलाशी काम करण्याची चिकाटी असावी लागते.

दिशेचा निर्णयही महत्त्वाचा होता. पराग मोठ्या वस्तीकडून लहान वस्तीकडे, आणि तेवढाच. रोपे उगवत असलेल्या एकमेव वस्तीत प्रयोग करण्याचे धाडस कोणी करू नये, हे उघड आहे.

प्रत्यक्ष कृती

संशोधकांनी मोठी वस्ती दाता आणि एक लहान वस्ती ग्राहक धरून परागणाचे प्रयोग केले. तुलनेसाठी वस्तीतल्या वस्तीत, म्हणजे तिथल्याच झाडांच्या परागाने केलेले संकरही ठेवले. हा दुसरा भाग वगळला असता, तर पहिल्या भागाचा अर्थ लावता आला नसता: बाहेरच्या परागाने फळे धरली, तर ती पराग बाहेरचा होता म्हणून धरली, की मुळात हाताने पराग मिळाला म्हणून, हे सांगता येत नाही. स्थानिक परागही हातानेच घातल्यावर कीटकांच्या अभावाचे कारण दोन्ही बाजूंनी सारखे वजा होते आणि उरतो तो परागाच्या मूळ ठिकाणाचा परिणाम. चार संशयितांपैकी दोन असे एका रचनेत वेगळे काढले गेले. संवर्धनाच्या घाईत असा तुलनेचा गट ठेवणे अनेकांना चैन वाटते, कारण त्यासाठी मोजक्या फुलांपैकी काही फुले ‘कमी चांगल्या’ परागाला द्यावी लागतात. मला ती फुले वाया गेली असे वाटत नाही.

या वृक्षावर नर आणि उभयलिंगी अशी दोन्ही प्रकारची फुले एकाच झाडावर येतात. त्यामुळे फळ धरण्याची अपेक्षा उभयलिंगी फुलांकडूनच ठेवता येते, आणि फुलांची नुसती संख्या पाहून यशाचा अंदाज बांधणे चुकीचे ठरते.

निष्पत्ती

मोठ्या वस्तीतील परागाने झालेल्या संकरांचे पुनरुत्पादक यश लहान वस्तीतल्या आपापसातील संकरांपेक्षा अधिक आढळले. अंतःप्रजनन हे लहान वस्त्यांतील अपयशाचे एक खरे कारण आहे, या तर्काला त्यामुळे प्रत्यक्ष प्रयोगाचा आधार मिळाला. वितरण नैसर्गिकरीत्या विखुरलेले असलेल्या प्रजातींतही वस्त्यांमधील जनुक-प्रवाह राखणे गरजेचे असते, असा निष्कर्ष अभ्यासकांनी काढला.

या निष्पत्तीच्या मर्यादाही तितक्याच स्पष्टपणे लिहिल्या पाहिजेत. प्रयोग एका ग्राहक वस्तीवर झाला. यश मोजले गेले ते पुनरुत्पादनाच्या सुरुवातीच्या टप्प्यांवर. त्या बियांपासून झालेले झाड कातळावर उभे राहून स्वतः फुलेल का, याला उत्तर मिळायला दशके लागतील. आणि बहिःप्रजनन-ऱ्हास पहिल्या पिढीत लपून राहू शकतो. संकरित झाडांचे आपापसात संकर होऊन दुसरी पिढी येते, तेव्हा जनुकांचे जुने संच खऱ्या अर्थाने मोडले जातात. पहिल्या पिढीचा जोम पाहून निश्चिंत होणे म्हणूनच घाईचे ठरेल.

अधिवासाच्या बाजूने एक पूरक पुरावा पुढे आला. माहेवरील ८ ग्रॅनाइट टेकड्यांपैकी ४ टेकड्यांवरून परकीय झाडेझुडपे काढून टाकण्यात आली आणि उरलेल्या ४ तशाच ठेवून तुलना करण्यात आली. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात साफ केलेल्या टेकड्यांवर परागण करणाऱ्या प्राण्यांची विविधता आणि फुलांना होणाऱ्या भेटी वाढल्याचे दिसले. ज्या दुसऱ्या पर्यायाला मी वर झटकन बाजूला सारले, त्याची किंमत यातून वाढते. साफसफाई टेकड्या जोडत नाही हे खरे. पण बाहेरून एकदा आणलेले जनुकीय वैविध्य टेकडीच्या आत फिरवण्याचे काम कीटकांनाच करायचे आहे, आणि त्यासाठी कीटक हवेत.

काय वेगळे करता येईल

पहिली सुधारणा मोजमापाच्या क्रमाची. प्रौढ झाडांची विविधता आधी मोजून मग नात्याकडे वळण्यापेक्षा, जिथे शक्य आहे तिथे बियांचे आणि कोवळ्या रोपांचे पितृत्व आधी तपासावे. प्रौढ झाडे भूतकाळाविषयी बोलतात, बिया चालू हंगामाविषयी. एखाद्या वस्तीत रोपेच नसली तरी फळे असतात, आणि फळातल्या बीजावरून बाप कोण, स्वपरागण किती, हे कळू शकते. हा खर्च कमी आहे, आणि तो ‘विविधता समाधानकारक’ या फसव्या शेऱ्यापासून वाचवतो.

दुसरी गोष्ट ठिकाणाविषयी. कातळ हे या वृक्षाचे घर आहे की आडोसा, या सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर संकरित रोपे वेगवेगळ्या जागी लावून शोधता येईल. सर्व रोपे जुन्याच कातळावर परत लावण्याऐवजी काही रोपे साफ केलेल्या, ओलसर आणि सावलीच्या जागी लावली, तर परिस्थिती आणि जनुक या दोन कारणांची वाटणी शेताच्या प्रयोगासारखी स्वच्छ होईल. वंशावळ ठाऊक असलेली रोपे दोन वेगळ्या जागी, असा तो साधा आराखडा आहे. त्यासाठी प्रत्येक रोपाला आई-बापाची नोंद असलेला, गंजणार नाही असा बिल्ला लागतो, आणि ती नोंदवही सांभाळणाऱ्या संस्थेचे आयुष्य संशोधन-प्रकल्पाच्या तीन-चार वर्षांपेक्षा पुष्कळ मोठे असावे लागते. वृक्षांच्या संवर्धनात प्रयोग फसतात त्याहून अधिक वेळा नोंदवह्या हरवतात.

तिसरी सुधारणा दाता झाडांच्या निवडीची. मोठ्या वस्तीतही अंतर्गत रचना होती, म्हणजे शेजारी शेजारी उभी झाडे नात्याची असण्याची शक्यता अधिक. पराग एकाच झाडावरून नेला, तर पुढची संपूर्ण पिढी एका बापाची सावत्र भावंडे होईल आणि आपण एका अडचणीतून बाहेर पडून दुसरीत शिरू. तेव्हा पराग एकमेकांपासून १०० मीटरहून अधिक अंतरावरच्या अनेक झाडांवरून घ्यावा, आणि दरवर्षी दाते बदलावेत.

शेवटची सूचना उलट दिशेची आहे. मोठ्या वस्तीत हात घालू नये, असे वर म्हटले; ते तिथल्या टेकडीपुरते खरे आहे. पण लहान वस्त्यांतील खास प्रकार आज फक्त १२ झाडांत आहेत, आणि त्यांतील एखादे झाड वादळात पडले की त्याचे प्रकार परागणाची वाट न पाहता जातील. मोठ्या वस्तीतील काही फुलांवर लहान वस्त्यांचा पराग घालून, ते बी टेकडीवर न पडू देता रोपवाटिकेत वाढवले, तर त्या प्रकारांची एक प्रत मोठ्या वस्तीला धक्का न लावता दुसरीकडे तयार होते. यात क्रम लावायचा झाल्यास मी सर्वांत लहान वस्तीपासून सुरुवात करीन, ०.२६ हा आकडा तिथलाच आहे, आणि तिथे वाट पाहण्यासाठी सर्वांत कमी झाडे उरली आहेत.